चर्चेला सूत्रधार कशाला? आमच्या इंदूरच्या चर्चामंडळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं मंडळ लहान आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही जमतो. कधी रामबागेत, कधी लोकमान्य नगरात, कधी राजेंद्र नगरात, ज्यांच्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं मावतील त्यांच्याकडे. साहित्य, संगीत, इतिहास, सणवार, खाणंपिणं, कोणताही विषय चालतो. नवे-जुने सगळेच एक गोष्ट फिरून फिरून विचारतात: आपलीच माणसं आपल्याच संस्कृतीबद्दल बोलणार, तर मध्ये सूत्रधार कशाला? गेली सहा वर्षं ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे आलं आहे, म्हणून ही उत्तरं मी लिहिते आहे.

सगळे शिकलेले, समजूतदार लोक आहेत. तरी सूत्रधार लागतोच का?

लागतो. सुरुवातीची दोन वर्षं आम्हीही म्हणत होतो की घरच्या गप्पांना कसले नियम. मग एक रविवार असा आला की माझं मत बदललं.

त्या दिवशी विषय होता ‘आमच्या घरचं स्वयंपाकघर’. एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. इंदुरातली तिसरी पिढी, शाळा सगळी हिंदी माध्यमाची. आजीच्या स्वयंपाकघरावर तिनं तीन पानं मराठीत लिहून आणली होती. वाचता वाचता ती म्हणाली, ‘मी शाळेतून आली की आजी भाकऱ्या करून राहिलेली असायची.’ लगेच एक काका म्हणाले, ‘आले. मी आले.’ ती हसली आणि पुढे वाचू लागली. चार ओळींनंतर काका पुन्हा म्हणाले, ‘करत असायची. करून राहिलेली नाही.’ तिसऱ्यांदा त्यांनी टोकलं तेव्हा आणखी दोघांनी माना डोलावल्या. मुलीनं पान अर्ध्यावर सोडलं, ‘बस, एवढंच आहे’ म्हणाली आणि कागदांची चौघडी घातली. चहा प्यायली, कप खाली ठेवला आणि निघाली. बशा उचलताना ती चौघडी मला तिच्या बशीखाली सापडली. वरच्या पानावर चहाचा गोल उमटला होता.

ती परत आली नाही. काका वाईट नाहीत, त्यांना मराठीची मनापासून काळजी आहे. चूक माझी होती. मी यजमान होते, त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते, आणि ‘काका, तिला पूर्ण वाचू द्या’ एवढे पाच शब्द मी बोलले नाही.

मोकळी सोडलेली चर्चा सगळ्यांना सारखी मोकळी राहत नाही. ज्याचा आवाज मोठा, वय जास्त, भाषा घोटीव, त्याच्या ताब्यात ती अर्ध्या तासात जाते. बाकीचे भांडत नाहीत, पुढच्या महिन्यापासून येत नाहीत. ‘मुलांच्या परीक्षा आहेत’ असा निरोप येतो आणि आपणही तो खरा मानतो.

पण हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन नाही का?

हा प्रश्न रागानं विचारला जातो, पण विचारायलाच हवा असा आहे. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदानं भाषणाचं स्वातंत्र्य दिलं आहे ते सरकारनं आपलं तोंड बंद करू नये म्हणून. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात वाजवी निर्बंधांची जागाही आहे. एखाद्याच्या घरी तीस माणसं जमली असताना ‘आता तुमची चार मिनिटं झाली’ असं म्हणणं या हक्काच्या आड येत नाही. तुम्ही बाहेर जाऊन तेच मत मांडू शकता, छापू शकता, स्वतः सभा घेऊ शकता.

तरीही कायद्यात बसतं म्हणून ते योग्य ठरतं असं मी म्हणणार नाही. माणसाला अडवताना मला दर वेळी थोडं अपराधी वाटतं, आणि ते वाटत राहावं असं मला वाटतं. ज्या दिवशी सूत्रधाराला थांबवण्याची सवय होईल त्या दिवशी त्यानं ते काम सोडावं.

आपल्या परंपरेत हे कुठे बसतं? की हे बाहेरून आणलेलं आहे?

उलट आपल्याकडे याचा जितका बारीक विचार झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. म्हणून इथे जरा थांबते.

गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे ते शोधायला केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली म्हणजे जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता फक्त दुसऱ्याचा पाडत राहणं म्हणजे वितंडा. आज ‘वाद घालू नका’ म्हणताना आपल्या मनात खरं तर वितंडा असते. वाद हा मुळात चांगला शब्द.

त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात २२ निग्रहस्थानं दिली आहेत, म्हणजे जिथे बोलणाऱ्याला थांबवता येतं अशा जागा. नावं जड आहेत, पण माणसं ओळखीची निघतात. विषय सोडून भलतंच बोलू लागणं, हे अर्थान्तर. तेच ते पुन्हा बोलणं, हे पुनरुक्त. तीनदा सांगूनही सभेला कळेना असं बोलणं, हे अविज्ञातार्थ. यात दोष ऐकणाऱ्याचा नाही, बोलणाऱ्याचा धरला आहे. आपल्या पक्षातला दोष न खोडता ‘तो तर तुमच्यातही आहे’ म्हणणं, ही मतानुज्ञा. गेल्या वर्षभरात ‘मग त्यांच्याबद्दल का नाही बोलत?’ हे वाक्य आमच्याकडे किती वेळा आलं असेल! त्याला इतकं जुनं नाव आहे हे कळल्यापासून मी चिडत नाही, नाव सांगते आणि पुढे जाते.

या यादीतल्या दोन जागा सूत्रधारासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. ज्याला टोकायला हवं त्याला न टोकणं, हे पर्यनुयोज्योपेक्षण. ज्याची चूक नाही त्याला टोकणं, हे निरनुयोज्यानुयोग. पहिल्याबद्दल भाष्यकार वात्स्यायन म्हणतो की हा दोष सभेनं दाखवायचा असतो, कारण हरलेला माणूस आपली लंगोटी आपण होऊन उघडी करणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो चहाचा गोल उमटलेला कागद आठवला. टोकायला हवं होतं, आणि आम्ही तीस जण गप्प बसलो होतो.

जवळचं उदाहरण घ्यायचं तर साहित्य संमेलनाचं घ्या. ते आपल्या शहरात तीनदा भरलं: १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये. संमेलनात ठराव थेट मांडवात येत नाहीत, ते आधी विषय नियामक समितीपुढे जातात. नियमन हा शब्द मराठी सभांना नवा नाही.

नक्की कशाला अडवता?

मत कसं आहे हे पाहून कधीच नाही. विषय मांडणाऱ्याला वीस मिनिटं, नंतर प्रत्येकाला चार. चार मिनिटं संपत आली की सूत्रधार पिवळी पट्टी दाखवतो. आधी देवघरातली छोटी घंटा वाजवायचो, पण ती वाजली की बोलणारा दचकायचा आणि बाकीचे हसायचे, म्हणून सोडली. दुसऱ्यांदा बोलायचं असेल तर पहिल्यांदा बोलणारे संपेपर्यंत थांबायचं. वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही. मुद्द्यावर बोलायचं, माणसावर नाही. ‘तुम्हा लोकांचं असंच असतं’ हे वाक्य सुरू झालं की तिथेच थांबवलं जातं, समोर कोणीही असो.

उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं एका वाक्यात त्याला मान्य होईल असं सांगायचं, हा नियम सर्वांत उशिरा आला. पाळायला सर्वांत अवघड तोच आहे, आणि सर्वांत उपयोगाचाही. अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण समोरचा म्हणतो, ‘अहो, मी असं म्हटलंच नाही.’

इतिहासाच्या विषयावर लोक भावुक होतात. तेव्हा काय करता?

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली, तेव्हा सलग दोन रविवार आम्ही त्यांच्यावर ठेवले. इंदुरात हा विषय म्हणजे घरातल्या माणसाबद्दल बोलण्यासारखं आहे.

राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची गोष्ट इथे लहान मुलालाही ठाऊक असते. मालेरावाच्या रथाखाली वासरू सापडलं, मातोश्रींनी मुलाला तीच शिक्षा फर्मावली, आणि गायच रथापुढे आडवी आली, म्हणून आडा बाजार. एका सभासदांनी ती सांगितली. सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आजीनं त्यांना तिथेच उभं करून ती सांगितली होती. लगेच इतिहास शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘याला काहीही पुरावा नाही. मालेराव १७६७ मध्ये आजारानं गेले.’ खोली थंड पडली. एकाला वाटलं आजीला खोटं ठरवलं, दुसरीला वाटलं अभ्यासाचा अपमान होतोय.

अशा वेळी सूत्रधारानं निकाल द्यायचा नसतो. मी दोघांना एकेक प्रश्न विचारला. गोष्ट सांगणाऱ्यांना: ‘ही गोष्ट तुमच्या घरात कधीपासून सांगितली जाते?’ बाईंना: ‘मालेरावांच्या मृत्यूबद्दल समकालीन कागद काय सांगतात?’ दोघंही सविस्तर बोलले. मग चर्चा आपोआप पुढे सरकली: हे शहर आपल्या राणीबद्दल अशी गोष्ट का रचतं? पोटच्या मुलापेक्षा न्याय मोठा मानणारी बाई या शहराला का हवीशी वाटली? राजधानी तर महेश्वरला होती, मग आडा बाजाराची आख्यायिका इथे कशी रुजली? ती आमच्या मंडळातली सगळ्यात चांगली संध्याकाळ होती असं मी आजही म्हणते, आणि दोन माणसांना तिथेच थोपवलं नसतं तर ती भांडणात संपली असती.

तेव्हापासून नियम आहे: आख्यायिका आख्यायिका म्हणून सांगा, इतिहास इतिहास म्हणून. दोन्हींना जागा आहे. ‘हे कुठे वाचलंत?’ हा प्रश्न इथे अपमान मानला जात नाही.

वयानं मोठ्या माणसाला कसं थांबवणार? आपल्यात ते शोभत नाही.

हीच खरी अडचण आहे. नियम लिहायला पाच मिनिटं लागतात; ‘आप्पा, वेळ झाली’ म्हणायला छाती लागते.

एकदा विषय होता उस्ताद अमीर खाँ, १९१२ ते १९७४. प्रश्न असा की एकाच गवयानं घडवलेल्या गायकीला इंदूर घराणं म्हणता येईल का. घराण्याला पिढ्या लागतात की नाही. फार सुंदर प्रश्न, आणि त्यावर बोलायला गाणं शिकलेली तीन मुलं मुद्दाम आली होती. आमचे एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि त्यांनी ऐकलेल्या मैफलींच्या आठवणी सांगू लागले. आठवणी मोलाच्या होत्या. पण पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली, विलंबित झुमरा तालावरून गाडी रेल्वेच्या प्रवासावर गेली. पट्टी त्यांनी पाहिली नाही, किंवा पाहूनही सोडून दिली. मुलं घड्याळ पाहू लागली.

मी उठून त्यांच्याजवळ गेले, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, ‘आप्पा, हे सगळं आम्हाला ऐकायचंय, पण एवढ्यात नाही मावणार. पुढचा रविवार पूर्ण तुमचा. आज या मुलांना ऐकू या?’ ते दोन क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग बसले. पुढच्या रविवारी त्यांनी दीड तास आठवणी सांगितल्या आणि त्याच तीन मुलांनी त्या लिहून घेतल्या.

मान राखून थांबवता येतं. त्यासाठी आधी मनात मान असावा लागतो, नुसती गोड भाषा ओळखू येते. आणखी एक: थांबवण्याचं काम दर वेळी सुनेच्या किंवा मुलीच्या वयाच्या बाईवर टाकू नये. आम्ही आता सूत्रधार पाळीपाळीनं ठेवतो, त्यात सत्तरीचे दोघे आहेत. मोठ्यांना मोठ्यांनी थांबवलं की कोणाला लागत नाही.

मग मराठी सुधारायचीच नाही का? भाषा बिघडत चालली तर?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या आठवड्यात आम्ही पेढे वाटले, आणि त्याच बैठकीत पुन्हा ‘आली’ की ‘आले’ यावर जुंपली.

शुद्ध लिहिणं-बोलणं मला आवडतं. पण इंदूरची मराठी होळकरांबरोबर माळव्यात आली आणि इथल्या हिंदी-माळवीच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तिच्यावर शेजाऱ्यांची छाया पडणारच. पुण्याच्या मापानं तिला दर वाक्याला मोजलं तर इथली मुलं मराठी सुधारणार नाहीत, ती मराठी बोलणंच सोडतील. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला आपली भाषा तपासून हवी आहे त्यानं तसं सांगावं. दोन काकू आणि एक निवृत्त मास्तर चहानंतर आनंदानं सोबत बसतात. मागितल्याशिवाय नाही.

हिंदीत बोललं तर चालेल?

चालेल. अडलं तिथे हिंदी, पुन्हा मराठी. १९३५ मध्ये या एकाच शहरात मराठीचं संमेलन भरलं आणि हिंदीचंही, हिंदीच्या अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. दोन्ही भाषांना या गावात जागा आहे.

राजकारण?

निवडणूक, पक्ष, उमेदवार नाही. संस्कृतीत राजकारण असतंच हे मान्य आहे. जातीबद्दल, देवळांबद्दल, शहरांच्या नावांबद्दल आम्ही बोललो आहोत. पण मतं मागायला ही जागा वापरता येणार नाही.

बोलण्याआधी मुद्दे लिहून मंजूर करून घ्यावे लागतात का?

नाही. एकदा काही जणांनी तसं सुचवलं होतं, मी विरोध केला आणि आजही करीन. काय बोललं जाणार हे आधी ठरवणं आणि बोलताना वेळ-विषय सांभाळणं यांत फार अंतर आहे.

सूत्रधारच पक्षपाती निघाला तर?

निघू शकतो. मी निघाले आहे. माझी एक मैत्रीण विषय मांडत होती तेव्हा मी तिला तीस मिनिटं दिली, आणि तिच्याशी असहमत असलेल्या गृहस्थांना चौथ्या मिनिटाला पट्टी दाखवली. त्यांनी बैठकीतच ते बोलून दाखवलं. मला राग आला. घरी जाताना कळलं की ते बरोबर होते.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. सूत्रधार त्या दिवशी स्वतःचं मत मांडत नाही. मांडायचं असेल तर खुर्ची दुसऱ्याला देतो. एक सभासद प्रत्येकाची वेळ वहीत लिहितो आणि वही सगळ्यांना पाहायला उघडी असते. आणि सूत्रधारानं कोणाला थांबवलं तर कारण तिथेच, सर्वांसमोर, एका वाक्यात सांगावं लागतं. पटलं नाही तर हात वर करायचा. निम्म्याहून जास्त हात वर झाले तर सूत्रधाराचा निर्णय मागे. आजवर दोनदा मागे घेतला गेला, त्यातला एक माझा होता.

कोणाला कायमचं बाहेर काढलं आहे का?

एकदाच. एका गृहस्थांनी दुसऱ्याच्या जातीवरून बोललं. थांबवलं, चहाच्या वेळी बाजूला घेऊन समजावलं, पुढच्या बैठकीत पुन्हा तेच. मग तिघांनी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की आता येऊ नका. सर्वांसमोर सांगितलं नाही, कारण त्यांची मुलं त्याच वस्तीत राहतात. तो निर्णय मला आजही जड जातो, पण चुकीचा वाटत नाही. ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ते गृहस्थ पुढच्या महिन्यात आले, नेहमीच्याच खुर्चीवर बसले.

मला सूत्रधार व्हायचं आहे. काय यायला हवं?

विषयाचं ज्ञान थोडं कमी असलं तरी चालेल. तोंडांपेक्षा चेहरे पाहता यायला हवेत. कोण बोलायला पुढे झुकलं आणि पुन्हा मागे टेकलं, कोणी कागद अर्ध्यात घडी केला, हे दिसायला हवं. पहिले तीन महिने कोणाच्या तरी शेजारी बसून वेळेची वही लिहा.

पूर्वी दुखावून गेलेल्या कोणाला परत यायचं असेल तर?

या, कोणाची परवानगी लागत नाही. आणि ती आजीच्या स्वयंपाकघरावरची तीन पानं जिची आहेत तिच्यासाठी: ती माझ्याकडे आहेत. मी ती वाचली आहेत. तिसऱ्या पानावर आजी गराडूचा कंद तळायला घेते आणि वाक्य तिथेच तुटतं, बहुतेक चौथं पान तुझ्याकडेच राहिलं. कोणत्याही दुसऱ्या रविवारी ये. सुरुवातीची वीस मिनिटं तुझी, आणि काकांनी सांगायला सांगितलं आहे की ते शेवटपर्यंत ऐकतील.